माझी शीट हिला द्या

आमचे घरमालक काका कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावचा, ते गाव हेच त्याचं नाव. शेजारचा रिक्षावाला 'कन्नड', दूध घालणारा 'फुलंब्री', कोपऱ्यावरचे मास्तर 'बीड'. मी गोंदियाकडून आलेली, म्हणून मी 'गोंदिया'. खोली बघायला गेले तेव्हा मी माझं नाव नीट सांगितलं होतं, पण ते त्यांनी कानावरच घेतलं नाही. "गाव कोणतं?" एवढंच विचारलं, आणि मी सांगितल्यावर आत काकूंना म्हणाले, "लई लांबचं तिकीट हाय. पोरीला आधी पाणी दे."

काका एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची ड्युटी काही संपली नव्हती. पडेगावात दौलताबाद रोडपासून आत गेलं की त्यांचं घर. खाली ते दोघं, वर गच्चीला लागून माझी खोली. पाहुणा आला की काका दारात उभं राहून त्याला जागा दाखवत. तुम्ही खिडकीपाशी, तुम्ही मागं, पिशवी मांडीवर नको, खाली ठेवा. बाई उभी असेल तर ते स्वतः कधी बसत नसत. काकू ओट्यापाशी उभ्या राहून स्वयंपाक करत, तोवर बाहेरच्या खोलीत हेही उभे. शेवटी काकूंनी ओट्यापाशी एक उंच स्टूल आणून ठेवलं. म्हणाल्या, "मी बसले तरच ह्यांचे पाय बसतात."

मला बोलवायचं असलं की काका जिन्याच्या लोखंडी कठड्यावर किल्ली वाजवत. एकदा वाजली म्हणजे थांब, काम आहे. दोनदा वाजली म्हणजे निघ, कंपनीची गाडी आली. पहिल्या आठवड्यात मी उलटं समजले, दोनदा वाजल्यावर दारात थांबून राहिले आणि गाडी निघून गेली. काकांना ते खरंच वाटेना. एवढं वय झालं पोरीचं आणि हिला डबल बेल कळत नाही, म्हणून ते दिवसभर मान हलवत होते.

मी नववीत शाळा सोडली. वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. माल खोक्यात भरायचा, टेप मारायची, वर बरोबर लेबल लावायचं. काम अवघड नाही, फक्त डोकं जाग्यावर पाहिजे. आणि माझं डोकं कोरोनानं नेलं. दुसऱ्या लाटेत मी आजारी पडले तेव्हा काकू जिन्याच्या मधल्या पायरीवर ताट ठेवून जायच्या आणि काका खालून ओरडून विचारायचे, "गोंदिया, श्वास चालू हाय का?" त्यांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. हे मी लिहिते खरी, पण विसरणं हाच तर माझा आजार होता. ताप गेला, खोकला गेला, आणि मागं भलतंच राहिलं. जिना चढले की धाप लागायची. हातात कात्री असायची आणि 'कात्री' हा शब्द सापडायचा नाही. साहेब विचारायचे हा माल कोणत्या पार्टीचा, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. एकदा ते म्हणाले, थोडे दिवस बघतो, नाही जमलं तर गावी जाऊन आराम कर. ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. गावी भावाचं घर होतं. तिथं मी चार दिवसांची पाहुणी म्हणून चालले असते, कायमची नाही. म्हणजे डोकं परत आलं तर नोकरी, आणि नोकरी राहिली तर मी. इतकं सरळ होतं ते.

काकांचंही काहीतरी गेलं होतं. त्यांचं नाक. माझ्या मागोमाग तेही आजारी पडले होते, आणि उठले तेव्हापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. पण ते माझ्यासारखे रडत बसणारे नव्हते. ते तपासत बसत.

तपासणं हा त्यांचा जुना नाद. बुद्धविहारात दर रविवारी ऐकलेलं त्यांनी फार मनावर घेतलं होतं. कुणी मोठा सांगतो म्हणून मानायचं नाही, स्वतः पडताळून बघायचं. ते त्यांनी कांद्यापासून सुरू केलं होतं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं सगळेच म्हणतात. काका भर उन्हाळ्यात पाचोडच्या बाजाराला एकदा खिशात कांदा घेऊन गेले, पुढच्या आठवड्यात कांद्याशिवाय गेले. दोन्ही वेळा ऊन लागून आडवे झाले. काकू मला हसत सांगत होत्या, "दोन दिवस ह्यांना उलट्या. कांदा मात्र ठणठणीत होता." काका गंभीरपणे म्हणाले, "मग, कळलं का नाय? न तपासता तुला कसं कळलं असतं?"

नाकाचीही तशीच परीक्षा. त्यांनी आगकाड्यांच्या रिकाम्या पेट्या जमवल्या होत्या. एकीत हिंग, एकीत कापूर, एकीत मिरे, आणि एक मुद्दाम रिकामी. रोज सकाळी ते डोळे घट्ट मिटून बसत आणि मी एकेक पेटी नाकापुढं धरायची. "रिकामी," ते म्हणायचे. पुढची धरली, "रिकामी." पेट्या संपल्या की माझी पाळी. मला पैठण रोडचे थांबे ओळीनं म्हणायला लावत. नक्षत्रवाडी, गेवराई, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन, पैठण. मी चितेगावला अडकायची. रोज. पुढचं गाव डोळ्यांपुढं दिसायचं, पण नाव येत नव्हतं. "गाडी पंक्चर," काका म्हणायचे, "उद्या बघू."

त्या नाकाच्या तपासणीसाठीच ते शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले आणि तिथून एक बातमी घेऊन आले. कोरोना होऊन गेल्यावर मागं राहिलेल्या त्रासावर एक गोळी निघाली आहे, ती लागू पडते का ते तपासायचं चाललंय, आणि त्यासाठी आजारी माणसं पाहिजेत. 'तपासायचं' हा शब्द काकांनी असा म्हटला की जणू कुणी त्यांच्याच घराण्यातलं भेटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गेले.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काकांनी आधी त्यांचं गाव विचारलं. ते लातूर निघालं, म्हणून त्या पुढं 'लातूर मॅडम' झाल्या. त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितलं, की अर्ध्या लोकांना औषधाची गोळी मिळेल आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी गोळी, जिच्यात औषधच नाही. कुणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि देणाऱ्यालाही. औषध घेतोय असं मनात आलं की माणसाला उगाच बरं वाटतं, म्हणून असं करावं लागतं.

काकांनी विचार केला. "म्हंजे पाशिंजर आंधळं, चेकरबी आंधळा. मग मालूम कुणाला हाय?"

"मुंबईच्या कॉम्प्युटरला," मॅडम म्हणाल्या. "शेवटी सगळ्यांचं एकदम उघडायचं."

"ब्येस," काका म्हणाले. त्यांना ते इतकं पटलं की सही करताना त्यांचा हात घाईत होता. मी त्यांचं बघून सही केली. मला एवढंच ऐकू आलं होतं की माझी गोळी खोटीही असू शकते.

आम्हाला एकेक बाटली मिळाली. दोन्ही सारख्याच, आतल्या गोळ्याही सारख्याच. आणि महिना पुरा व्हायच्या आत एका सकाळी मी तिसरी पेटी नाकापुढं धरली आणि काकांनी 'रिकामी' म्हटलं नाही. डोळे मिटलेलेच होते, पण पापण्यांच्या कडेनं पाणी आलं. मग हळूच म्हणाले, "हिंग."

काकू दारातून बघत होत्या. "चाळीस वर्षं माझ्या आमटीत हिंग हाय," त्या म्हणाल्या, "तवा नाय कधी डोळे भरून आले."

घरात त्या दिवशी सण झाल्यासारखं होतं. काका कापूर हुंगत होते, साबण हुंगत होते, कन्नडच्या रिक्षाचा पत्रा हुंगून आले. मीही हसत होते. पण आत मला कळून चुकलं होतं. काकांना खरी गोळी आली होती, म्हणजे मला साधी. तसं काही नसतं, दोघांना खरी येऊ शकते, दोघांना साधी येऊ शकते, हे आता मला कळतं. तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं, दोन बाटल्या आहेत म्हणजे एक खरी आणि एक खोटी. त्याच आठवड्यात मी एका पार्टीच्या खोक्यांवर दुसऱ्या पार्टीची लेबलं लावली. गाडी भरून निघाली होती, ती परत आणावी लागली. साहेबांनी मला लाइनवरून काढून झाडू दिला. मी घरी आले आणि जिन्यात बसून राहिले, कारण वर जायला दम नव्हता आणि खाली जायला तोंड नव्हतं.

काका किल्ली न वाजवता आले. लेबलांचं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट लातूर मॅडमपुढं उभे राहिले.

"मॅडम, माझी शीट हिला द्या."

मॅडमना कळेना. काकांनी खुलासा केला. मी म्हातारा, मला वास नाय आला तर आमटी थोडीच थांबणार हाय. पोरगी तरणी, हिच्या पुढं लांबचा रस्ता. मी उठतो, हिला बसवा. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, "काका, ही बस नाही."

"बस असती तर विचारलं असतं व्हय? सरळ उठलो असतो."

मग मॅडमनी बराच वेळ समजावलं. खरी तुम्हालाच आली, असं कुणी सांगितलं? एकाची गोळी दुसऱ्याला दिली तर धोका होऊ शकतो, आणि सगळा हिशेबही बिघडतो. काका मान डोलावत ऐकत होते. मला वाटलं पटलं त्यांना. दोघांना पुढच्या महिन्याच्या बाटल्या मिळाल्या आणि आम्ही परत आलो. मला धाप लागली होती म्हणून माझी पिशवी काकांनी घेतली आणि थोड्या वेळानं वर आणून दिली. तेव्हा ते काही बोलले नाहीत. एरवी काकांना पायरी चढताना गप्प राहणं जमत नसे, पण तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर मला बरं वाटायला लागलं. कसं, ते नीट सांगता येणार नाही. एका सकाळी मी चितेगाव म्हटलं आणि पाठोपाठ बिडकीन म्हटलं, मग ढोरकीन, मग पैठण, आणि पैठण आल्यावर मला कळलं की आपण पोचलो. काकांनी गुडघ्यावर थाप मारली. कंपनीत झाडता झाडता मी एका नव्या मुलीची लेबलाची चूक पकडली. साहेबांनी ते बघितलं आणि काही दिवसांनी मला परत लाइनवर उभं केलं. काका माझ्याकडं असे बघायचे, की जणू मुक्कामाच्या गाडीत शेवटचं पाशिंजरसुद्धा बसलं.

पुढच्या तपासणीला मॅडमनी मला उलटे आकडे म्हणायला लावले, शब्द आठवायला लावले. मी धडाधड सांगत गेले. मॅडम खूश झाल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "असं काही दिसलं की वाटतं, उद्या सगळ्यांनाच याचा उपयोग होईल."

शेजारी काका उभे होते. मॅडम बसलेल्या आणि मीही बसलेली, म्हणजे त्यांनी बसायला हरकत नव्हती. पण ते उभे होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मॅडमच्या टेबलावर एकदा वाजवली.

"मॅडम, लिहू नका. गाडी थांबवा."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पिशवी वर आणण्याआधी त्यांनी माझ्या बाटलीतल्या गोळ्या आपल्या बाटलीत आणि आपल्या माझ्या बाटलीत भरल्या होत्या. महिनाभर मी त्यांच्या गोळ्या खात होते आणि ते माझ्या.

मॅडमचा पेन हातातच राहिला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते."

"व्हय."

"मग?"

"हिचं बघवत नव्हतं."

"आणि आता का सांगताय?"

काकांनी किल्ली खिशात ठेवली. "तुम्ही म्हणालात, सगळ्यांना उपयोग होईल. मी एकीला बघून केलं. त्या सगळ्यांच्यात माझी लबाडी नको."

मॅडमनी दोघांच्या बाटल्या काढून घेतल्या. आमची दोघांचीही नोंद बाजूला पडली. तपासायला येत जा, त्रास झाला तर लगेच या, पण गोळी आता मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. बसमध्ये मी काकांपासून लांब जाऊन बसले. मिल कॉर्नर गेलं, छावणी गेली, आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, की आता माझं डोकं परत जाणार. मी रागावले होते हे नक्की. पण त्यांनी मला न विचारता गोळ्या बदलल्या म्हणून रागावले होते, की बदलल्याचं सांगून टाकलं म्हणून, हे मला कळत नव्हतं. आधी केलं नसतं तर मी झाडूच धरून राहिले असते. नंतर सांगितलं नसतं तर गोळी चालू राहिली असती. प्रत्येक थांब्याला मी वेगळ्या गोष्टीवर रागावत होते. काका पूर्ण रस्ता उभे होते. बस रिकामी होती.

घरी काकूंनी सगळं ऐकलं आणि ह्यांच्या ताटात वाढता वाढता म्हणाल्या, "जन्मभर लोकांना सुट्टे नाहीत म्हणून खाली उतरवलं, आणि आता दवाखान्यानं तुम्हाला उतरवलं."  मला मात्र काकूंनी जवळ बसवून घेतलं.

डोकं गेलं नाही. मी रोज सकाळी उठून आधी थांबे म्हणून बघायची, आणि पैठण यायचं. पुढं कंपनी बिडकीनला गेली, म्हणून मीही पडेगाव सोडून तिकडं खोली घेतली. निघताना काका म्हणाले, "आता तुझं नाव बदलावं लागंल. पण राहू दे, गोंदियाच बरं."

बिडकीनला असतानाच एक दिवस लातूर मॅडमचा फोन आला. तपासणी संपली होती, सगळ्यांचं उघडलं होतं. ज्यांना जाणून घ्यायचं त्यांना सांगत होत्या. मी हो जी म्हणाले. तेव्हा कळलं, खरी गोळी माझ्या बाटलीत होती. काकांची साधी.

मी तिथंच बसले आणि मनात मांडून बघितलं. पहिला महिना मी औषध खाल्लं, तेव्हा मी लेबलं चुकवत होते. दुसरा महिना मी काकांची साधी गोळी खाल्ली, तेव्हा बरी झाले. काकांना साध्या गोळीवर हिंगाचा वास आला. मी मॅडमना विचारलं, मग मी बरी कशानं झाले? त्या म्हणाल्या, औषधाचा गुण उशिरा आला असेल, किंवा वेळ गेला म्हणून असेल, किंवा आणखी कशानं. एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणून तर इतकी माणसं लागतात.

काकांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. त्यांना वाटत होतं त्यांनी मला आपली जागा दिली. ते तसंच राहू दिलं तर काय बिघडणार होतं? पण खोटी गोष्ट मनात धरून बसलेले काका मला डोळ्यांपुढं आणता येईनात. रविवारी मी पडेगावला गेले.

काकू आत चहा ठेवत होत्या, म्हणून काका उभेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी भिंतीचा आधार घेतला, आणि काकू उभ्या असतानाही खाली बसले.

"म्हंजे तुझं खरं औषध मीच खाल्लं," ते म्हणाले.

"नाही जी काका. मी बरी आहे ना."

"कशानं?"

 काकू चहा घेऊन आल्या, ह्यांना खाली बसलेलं बघून त्यांनी कप तसेच हातात धरले.  काका माझ्याकडं बघत म्हणाले, "मला पटत नाय तू बरी हाईस. वर चढून दाखव."

मी उठले. काकू म्हणाल्या, "अहो, चहा तरी घेऊ द्या पोरीला." पण मी निघाले होते. काका जिन्याखाली येऊन उभे राहिले, मान वर करून. मी न थांबता चढत गेले, आणि माझा श्वास माझ्याजवळ होता. वर माझ्या जुन्या खोलीचं दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. नवी भाडेकरीण. तिनं विचारलं, कोण पाहिजे?

खालून काका विचारत होते, "धाप लागली का?"

मला दोघांनाही काही सांगायचं होतं, पण एक शब्द सापडेना. मी त्या मुलीपुढं दारात तशीच उभी राहिले, डोळे पुसत. तो माझा जुना आजार होता की दुसरंच काही, ते अजून मला सांगता येत नाही.